गोदामामागचा सूर्य

२१ डिसेंबर, दुपारी तीन

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कसे आहेत? दोन गल्ल्या पलीकडे राहणारा भाऊ पत्र पाठवतो म्हणून हसशील. हसून घे. समोर बसलो की तू चहा टाकतेस, आई खुर्ची पुढे सरकवते आणि माझं बोलणं राहूनच जातं.

कामाचं बरं चाललंय. जूनमध्ये एका लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवले होते. त्यांना ते कठड्याजवळ हवे होते. मी कोन मोजून सांगितलं, इथे नको, थंडीत शेजारच्या इमारतीची सावली पडेल. परवा त्यांनी मुद्दाम वर नेऊन दाखवलं. मी रंगानं मारलेल्या रेघेवर सावली बरोबर येऊन टेकली होती.

"दुसरा कुणी असता तर गपचूप बसवून मोकळा झाला असता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "थंडीत सूर्य लांब जातो, म्हणून का हो?"

खाली दुकानात मी इस्त्रीला सूर्य आणि पाण्याच्या बाटलीला पृथ्वी मानलं, बाटली तिरकी धरली आणि इस्त्रीभोवती फिरवली. बाटली फिरली तरी तिचा कल तोच ठेवला. एका बाजूला बूच इस्त्रीकडे झुकलेलं, समोरच्या बाजूला गेलं की तेच पलीकडे कललेलं. आपण बुचाच्या अंगाला राहतो. झुकलो की सूर्य वर चढतो, दिवस लांबतो. पलीकडे कललो की तो खालूनच जातो आणि लवकर मावळतो. "लांब नाही जात," मी म्हटलं, "उलट जानेवारीत आपण थोडे जवळच असतो."

"जवळ असून उपयोग काय मग," बाई म्हणाल्या. ते वाक्य घेऊनच मी घरी आलो.

ताई, बाबांची दोन घरं वाटून घेताना मी म्हटलं होतं, तू मोठी, तू आधी निवड. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुला मी गेल्या वर्षी जूनच्या भर दुपारी घर दाखवायला नेलं. वरून उघडी असलेली गॅलरी उन्हानं भरलेली होती. तू म्हणालीस, "हेच बरं, आईला शेकत बसता येईल." समोरच्या गोदामाची भिंत तुला दिसत होती, पण तेव्हा सूर्य तिच्या कितीतरी वर होता. थंडीत तो भिंतीच्या खाली गेला की काय होईल हे मला माहीत होतं. परक्यांच्या गच्च्यांवर मी तेच सांगत फिरतो. तुला सांगितलं नाही, कारण बारा महिने उन्हाचं घर मला हवं होतं. माझे गुडघेही दुखत नाहीत.

गेल्या थंडीत आईनं फोनवर विचारलं, "अरे, तू तर उन्हाचाच धंदा करतोस. आमचं ऊन गेलं कुठं?" मी म्हटलं, थंडीत कमीच असतं गं. तिला ते पटलं. म्हणाली, "मला वाटलं माझेच डोळे अंधारले."

त्यानंतर मी दिवस मोजत बसलो. फेब्रुवारीत सूर्य भिंतीच्या वर आला, तुमची गॅलरी उजळली आणि मी सुटलो. यंदाही तसंच करता आलं असतं. उद्यापासून दिवस मोठा होत जाईल, दोन महिने तोंड बंद ठेवलं की झालं. लाज वाटते ताई, आणि सगळ्यात जास्त या हिशेबाची वाटते.

सोबत माझ्या घराची किल्ली आहे. रविवारी मी सामान हलवतोय. तुम्ही इकडे या, मी तिकडे जातो, कायमचं. आता या खोलीत ऊन आहे आणि खुर्ची रिकामी आहे. आईला काय सांगायचं ते तू ठरव. तिचे डोळे चांगले आहेत एवढं मात्र नक्की सांग.

घडी घातलेला कागदही सोबत आहे. त्यात तुमच्या गॅलरीतलं ऊन महिन्यामहिन्यानं मांडलंय, अक्षर माझंच. वर तारीख आहे ती बघ. तू घर निवडलंस त्याच्या आठ दिवस आधीची आहे.

लहानपणी सगळं मोजत फिरायचो म्हणून तू मला मोजपट्टी म्हणायचीस. ते नाव आज खाली लिहवत नाही.

तुझा भाऊ