सोफा भिंतीपासून हातभर पुढे

ती. दादांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याइतकी मोकळी जागा आमच्या हॉलमध्ये गेल्या आठवड्यापासून उरलेली नाही. सोफा आणि खिडकी यांच्या फटीत जेवढा मावला तेवढा गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला, की अजून तुम्ही काही सांगायला लागलात की नेमका येतो? इकडे आम्ही ठणठणीत आहोत. फक्त घर उन्हाळी झालं आहे.

म्हणजे काय ते सांगतो. तुमच्या बहिणीनं फोनवर कुणा बाईंचं व्याख्यान ऐकलं. नवं काहीही विकत न आणता बैठकीची खोली दर ऋतूला नवी कशी करावी, असा विषय. घरातलंच इकडचं तिकडे करायचं, झालं. विचार थोर आहे, तो फक्त सोफे विकून पोट भरणाऱ्या माणसाच्या घरात शिरायला नको होता. तीस वर्षं मी लोकांना 'हा जुना आता काढाच' असं पटवत आलो (सुरुवात दारोदार हिंडून खुर्च्यांच्या पट्ट्या बदलण्यापासून झाली हे तुम्ही जाणताच, आमच्या लग्नात तुम्ही ते पाहुण्यांना दोनदा सांगितलं होतंत), आणि आता माझ्याच सोफ्यावर बसून तुमची बहीण बिल्डिंगमधल्या सहा बायकांना सांगते की नवीन काही घेऊ नका गं. त्या माना डोलावतात. मध्ये एकीनं विचारलंसुद्धा, "अहो पण मग तुमच्या ह्यांच्या दुकानाचं काय?" त्यावर आमच्या घरून उत्तर गेलं, "त्यांना कुठे काय कळतंय, ते आत झोपलेत." मी झोपलेलो नव्हतो. दुकानदाराचे कान झोपत नाहीत.

तर उन्हाळी मांडणी. जाड पडदे उतरले आणि माझ्या कपाटात, माझ्या शर्टांच्या जागी विश्रांतीला गेले. शर्ट कुठे विश्रांतीला गेले याचा तपास चालू आहे. सतरंजी गुंडाळून पलंगाखाली, कारण जमिनीला श्वास घेता आला पाहिजे. (दादा, तिसऱ्या मजल्यावरची फरशी आहे ती. श्वास घेतलाच तर खालच्यांच्या छतातून घेईल.) न्हाणीघरातला आरसा हॉलमध्ये आला, त्यानं म्हणे उजेड दुप्पट होतो. त्यामुळे मी हल्ली येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत दाढी करतो. दूधवाला थांबून पाहतो आणि हनुवटीखाली राहिलं असेल तर सांगतो. रिकाम्या बरणीत चार वाळक्या काटक्या खोचून ती टीपॉयवर ठेवली आहे. हे काय, असं विचारलं तर म्हणाली, "बाहेर उन्हाळा आहे ना, मग तो आतही जाणवायला नको का?" पंखा तीनवर असतानाही मला तो उत्तम जाणवत होता, पण मी गप्प बसलो. माझी गप्प बसण्याची जागासुद्धा दर आठवड्याला बदलते.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पण त्या व्याख्यानातला पुढचा नियम असा निघाला, की सामान भिंतीला चिकटवून ठेवू नये, सोफा हातभर तरी पुढे ओढावा, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. आता तुम्ही घरचे, म्हणून आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. सोफ्याची पाठ भिंतीकडे असते. भिंतीला डोळे नसतात. मग तिथे चांगलं कापड लावणारा कारागीर एक तर वेडा असतो, नाही तर नवशिका. हाताशी जे असेल ते ठोकायचं आणि सोफा भिंतीला टेकवून चहा मागायचा.

गेल्या गुरुवारी मी दातांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं होतं. त्यांचा नवा दवाखाना उघडतोय, बाहेर बसणाऱ्यांसाठी बारा सोफे हवे आहेत. अशा वेळी गिऱ्हाइकाला थेट घरी आणायचं आणि 'मी स्वतः काय वापरतो ते बघा' म्हणायचं, हा माझा हुकमी डाव. आजवर कधी फसला नव्हता. पण त्याच दिवशी सकाळी सोफा ओढून खिडकीकडे तोंड करून ठेवलाय, हे मला कोण सांगणार? मी दार उघडलं, मोठ्या ऐटीत हात पुढे केला, आणि आम्हा दोघांच्या समोर सोफ्याची पाठ उभी. पेंडीचं पोतं, दादा. ठळक अक्षरांत: 'दुभत्या जनावरांसाठी. कोरड्या जागी ठेवावे.' डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, आणि दाढेत कीड दिसल्यावर विचारावं तशा शांतपणे मला विचारलं, "निव्वळ वजन पन्नास किलो लिहिलंय, ते सोफ्याचं का?"

मी हसून म्हणालो, घरचा आहे हो, गिऱ्हाइकाच्या सोफ्याला आम्ही असलं काही लावत नाही. इथेच घसरलो. कारण त्या सहाजणी पलीकडे फरशीवर श्वास घेत बसल्या होत्या, आणि सहाहीजणींच्या घरी सोफा माझाच आहे. एकेक करून सगळ्या उठल्या. हिचं दूध उतू जात होतं, तिला फोन यायचा होता. पाच मिनिटांत वरून, खालून, शेजारून सोफे ओढल्याचे आवाज यायला लागले. मी मोजले. सहा.

पुढचं थोडक्यात सांगतो, लिहितानाही घाम फुटतो. एकीला तंबूचं कापड निघालं, एकीला छत्र्यांचं. त्यांच्यातल्या पोस्टमास्तरीणबाईंना तर शेजारच्या वकिलीणबाईंचा जुना पडदा निघाला. (तो वकिलीणबाईंनी मला दुकानात पुसायला म्हणून दिला होता. त्यांनी तो ओळखला. डागासकट.) तेव्हापासून मला तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि जिन्यात 'पन्नास किलो'. डॉक्टरीणबाई जाताना एवढंच म्हणाल्या, की तुम्ही बनवलेला एक तरी सोफा दाखवा, ज्याचं पाठीचं कापड पुढच्यासारखंच आहे. दाखवलात तर बाराही तुमचे, नाही तर दुसरीकडे बघते. त्या सहाजणीही आता याच निकालाची वाट पाहतायत. तीस वर्षांचं नाव आहे, दादा, आणि ते एका सोफ्यावर येऊन अडलंय.

असो. तुमच्या बहिणीला कसलाही पश्चात्ताप नाही. ती पावसाळी मांडणीच्या तयारीला लागली आहे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला,
तुमच्या बहिणीमुळे झालेला नातेवाईक

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. असा एक सोफा आहे, माझ्या थोरल्या मेहुण्यांकडे, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगून बसलोय. त्यांचं माहेर नेमकं तुमच्याच गावात निघालं. रविवारी दहा वाजता त्या तुमच्याकडे येतील.

ता. क. २ : त्याआधी तुम्ही सोफा एकदा भिंतीपासून ओढून बघा, आणि जे दिसेल त्याबद्दल मला क्षमा करा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष होतं, कापड कमी पडलं होतं. (चारही बाजूंना एकच कापड आहे, असं मी तुम्हाला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ते आठवतंय मला.) उद्याच्या बसनं तीन मीटर कापड, बारीक खिळे आणि हातोडी पाठवतोय. शनिवारपर्यंत ठोकून टाका. तुमच्या बहिणीला कळू देऊ नका.

ता. क. ३ : पार्सल बांधत असताना ती मागेच उभी होती. हसत होती. म्हणाली, "दादानं नऊ वर्षांपूर्वी घराला रंग काढताना सोफा ओढला होता, पाठ बघितली, गुपचूप चांगलं कापड आणून लावून घेतलं आणि मला शपथ घातली, जावईबुवांना कमीपणा वाटायला नको म्हणून." दादा, नऊ वर्षं! दर खेपेला मला त्याच सोफ्यावर बसवून चहा पाजलात आणि मी दर खेपेला माझ्या कामाची तारीफ केली. बांधलेलं पार्सल मी पुन्हा उघडलं आहे. त्या तीन मीटरला आणखी कापड जोडून बाराही सोफ्यांच्या पाठी मी खऱ्या लावणार आहे, आणि शिवण तुमची बहीण तपासणार आहे. डॉक्टरीणबाईंना सोफा खुशाल ओढून दाखवा. फक्त हे कापड कुणी लावलं असं त्यांनी विचारलं, तर नऊ वर्षं गप्प राहिलात तसे अजून अर्धा तास राहा.