खाडीकाठचा दिवा

२ नोव्हेंबर १९७४
पोचलो एकदाचा. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतले सगळे मास्तर पचमढीला गेले आणि मी नकाशात ठिपकाही नसलेल्या वेळशीला. खाडी ओलांडायला एकच होडी, तीही दुपारची. पलीकडे दहा-बारा कौलारू घरं आणि किनाऱ्यावर शुकशुकाट. नागपूरला प्रताप नगरातले शेजारी म्हणतील, मास्तरांचं डोकं फिरलं. फिरू दे. समुद्र पाहून मला भरून आलं.

खोली दत्तोपंतांनी दिली. सत्तरीचे, एकटे, आणि मूळचे चक्क कामठीचे. मी नागपूरचा म्हटल्यावर त्यांचे डोळे पाणावले. "मले वाटलंच होतं, कोणी तरी आपल्याकडचं येईन," म्हणाले. तिन्हीसांजेला त्यांचे हात थरथरत होते, म्हणून अंगणात खाडीकडे तोंड केलेल्या दगडी कोनाड्यात दिवा लावायला मला सांगितलं. घरी हे काम बायकोचं, प्रेमलतेचं. पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? लावला.

३ नोव्हेंबर
दत्तोपंत होडीनं निघून गेले. निरोप न घेता, चपला विसरून. होडीवाल्याजवळ प्रेमलतेला पत्र दिलं, दिवाळीला इथंच ये म्हणून. मी निघताना बिचारी कुरकुरली होती, एकटेच काहून चालले जी. आता खूश होईल.

६ नोव्हेंबर
पलीकडच्या बाजाराला निघालो, पण होडीत पाय उचलेना. गुडघ्याखाली नुसतं लाकूड. होडीवाल्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, त्या कोनाड्यात जो दिवा लावतो तो गावात अडकतो, दुसऱ्यानं लावला की सुटतो. दत्तोपंतही सतरा वर्षांपूर्वी असेच हिंडायला आले होते. मी हसलो. मग पुन्हा पाय उचलून पाहिला.

८ नोव्हेंबर
डोंगराची वाट धरली. शेवटच्या घरापाशी तेच. रांगूनही पाहिलं. गावात कुणी त्या अंगणात पाऊल टाकत नाही. प्रेमलतेला दुसरं पत्र धाडलं, येऊ नकोस. पण पहिलं मिळून ती निघाली असली तर— कुणाच्याही घरी असो, तिन्हीसांजेला दिवा लावल्याशिवाय ती राहत नाही.

१० नोव्हेंबर
कोनाडा फोडायला गेलो. दगड हलत नाही. काडेपेटी खाडीत फेकली. सतरा वर्षं— एकदा मनात आलं, ती आलीच तर— नको. लिहितानाही लाज वाटते.

१२ नोव्हेंबर
आली. दुसरं पत्र तिला मिळालंच नाही. पिशवीत चकल्या, पणत्या. दमली आहे, तरी हसते आहे. होडी परत गेली. सांगायलाच हवं. म्हटलं, आधी चहा घेऊ दे. मग म्हटलं, हातपाय धुऊ दे—

ऊन उतरलं. दिवा कुठं ठेवता जी, विचारत होती. मी ही वही ओढली. कोनाडा तिला दिसलाच. काडेपेटी तिनं घरून आणली आहे—

एवढं लिहिलं की उठतो. सांगतो तिला. अंगणात बांगड्या—

काडी ओढल्याचा—

माझे पाय हलके