मातीतून निघालेले टाके

तीर्थरूप आईस, पाया पडतो.

माझं झकास चाललंय, जेवण वेळेवर होतं. एक सांगतो, रागावू नकोस. तू ठिगळ लावून दिलेलं बनियन मी प्रयोगासाठी मातीत पुरलं होतं. सुती कापड म्हणजे झाडाच्या पेशींच्या भिंतीच. मातीतले जिवाणू त्यांच्यावर एन्झाइम नावाचे पाचकरस सोडतात आणि भिंतींची साखर करून खातात.

आज उकरलं, तर कापडाचा मागमूस नाही. तुझे नायलॉनचे टाके मात्र जसेच्या तसे. आमच्या बाई हसून म्हणाल्या, "जिवाणूंना पुरून उरली की तुमची आई." दिवसभर मी मिरवत होतो.

पण कापड गेल्यावरच दिसलं. सुरुवातीचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ आहेत, शेवटचे भरकटलेत. आई, डॉक्टरांना डोळे कधी दाखवतेस?

तुझा,
बनियन घालवलेला धाकटा