उपकेंद्रातला सत्कार

रस्त्याचा कॅम्प, गुंटूर जिल्हा, आंध्र
१३ जानेवारी २०२५

ती. करुणाआक्कास,
अनुपचा सप्रेम जयभीम वि. वि.

हितं डोंगरात टॉवर न्हाय, म्हणून सातवी नापास माणसाला पेन धरावं लागलं. चुका मोजू नको. लोणी देवकरच्या कंपनीतनं पळालो, बारामतीच्या गॅरेजातनं पळालो, तसा हितनं अजून पळालो न्हाय, हे आबांना सांग. जेसीबी चांगला हाय, उलटं बोलत न्हाय.

तुला सातवा लागला असंल. वाडीच्या उपकेंद्राचं कुलूप कसं हाय? तब्येत बरी ना त्याची? नर्सबाई अजून मंगळवारीच दर्शन देत्यात का? मागच्या खेपेला ते कुलूप बघून तुला इंदापूरला नेलं आणि वाटेत जीपमध्येच बाळ गेलं, तवा पुढच्या सीटवर मी होतो. त्यावर जास्त लिहीत न्हाय.

हितली माणसं लुथेरन हायेत. म्हणजे ख्रिस्तीच, पण त्यांच्यातबी पंथ हायेत. मला वाटायचं ही मिरासदारी फक्त आपली. वस्ती आपल्यासारखीच, गावाबाहेरची. रविवारी दोन तास गाणी म्हणत्यात. मग पाद्रीसाहेब विचारत्यात, या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टर किती दिवस आला. रोज एक बाई दवाखान्याच्या पायरीवर बसायला नेमलेली असती, ती उठून सांगती. सहा गावच्या चर्चनी मिळून ते कलेक्टरपुढं ठेवलं आणि नियमच बदलून घेतला, की डॉक्टरची हजेरी गावातच लागंल, तालुक्यात बसून न्हाय. आता येतो बिचारा. आपल्या विहारात वंदना झाल्यावर काय होतं? चहा होतो. बुद्धघोषकाकांना हे वाचून दाखव.

तुझा धाकटा,
अनुप


२ फेब्रुवारी

चि. अनुप यास आक्काचे अ. आ.

पत्र विहारात वाचलं. काकांना इतकं आवडलं की तिथंच समिती झाली. अकरा जण, त्यात चार उपाध्यक्ष. बाई एकच, मी, कारण पत्र माझ्या हातात होतं.

सगळे तालुक्याच्या आरोग्य खात्याच्या साहेबांकडं गेलो. साहेबाकडं रिकाम्या हातानं जायची आपल्याकडं पद्धत नाही, म्हणून शाल, नारळ, गुलाब. आधी सत्कार, मग निवेदन, असं ठरलं होतं. सत्कार झाला. साहेब अर्धा तास स्वतःच्या बालपणावर बोलले, फोटो निघाला आणि ते मीटिंगला गेले. निवेदन काकांच्या खिशातच राहिलं. फोटोत मी कडेला आहे, म्हणजे माझं पोट आहे.

येताना काका म्हणाले, साहेब माणूस म्हणून फार चांगला. आबा म्हणाले, आसंल की, पण त्याला बाळंतपण येतं का?

कुलूप ठणठणीत आहे. मला आठवा लागलाय, आणि जीपचा आवाज आला तरी घाम फुटतो.

तुझी,
आक्का


११ फेब्रुवारी

ती. आक्कास जयभीम वि. वि.

काकांना माझ्याकडनं एक शाल. पाद्रीसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, की शाल नक्की कुणाला घातली.

अगं, आपला साहेब कामाला येत न्हाय, पण सत्काराला कुठंबी येतो. मग ठेवा की सत्कार उपकेंद्रातच! ‘वाडीत चोवीस तास बाळंतपणाची सोय सुरू केल्याबद्दल’ असा फ्लेक्स लावा, साहेबांचा गॉगलवाला फोटो टाका. कुलपालाबी शाल पांघरा, थंडी असती.

चिडलोय म्हणून लिहिलं. तू आपली आधीच इंदापुरात दवाखान्याजवळ जाऊन राहा.

अनुप


२० मार्च

चि. अनुप यास अ. आ.

तू चिडून लिहिलंस, आम्ही तसंच केलं. मी इंदापूरला राहिले असते रे, पण शेजारच्या अंजलीचे दिवस मेमध्ये भरतात, तिनं कुठं जाऊन राहायचं?

निमगाव केतकीत फ्लेक्स छापला, तुझं वाक्य शब्दाला शब्द. खाली तीन गावच्या विहारांची नावं. ऊसवाल्या भामाबाईंनी देवळातल्या भजनी बायकांचंही नाव घालायला लावलं. त्यांच्या सुनेलाही जीपनंच नेलं होतं. फ्लेक्सचा फोटो साहेबांच्या मोबाइलवर गेला. काकांना वाटलं, आता साहेब भडकणार. साहेबांनी फोन करून विचारलं, स्टेज कुठल्या बाजूला आहे.

सत्काराच्या दोन दिवस आधी कुलूप निघालं. भिंती धुतल्या, दिवा लागला, नर्सबाई ट्रंक घेऊन राहायलाच आल्या. या वेळी निवेदन आधी वाचलं. मग काकांनी माइक पुढं धरला आणि सोय कोणत्या तारखेपासून ते साहेबांनीच सांगावं, अशी विनंती केली. दोनशे माणसांपुढं साहेब काय म्हणणार? आजपासून म्हणाले. मग शाल. आता रोज एक बाई पायरीवर बसते, आणि रविवारी वंदना झाल्यावर आधी तिचं ऐकतात, मग चहा.

१४ तारखेला सकाळी मला कळा सुरू झाल्या. आबा जीप आणायला धावले. मी थांबवलं. चालत गेले, अनुप. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत.

तुझी,
आक्का


२९ मार्च

ती. आक्कास जयभीम वि. वि.

‘चालत गेले’ हे मी तीनदा वाचलं. मशीन बंद करून बसलो. मुकादमानं विचारलं काय झालं, तर सांगितलं डोळ्यात डिझेल गेलं.

पाद्रीसाहेबांनी ही गोष्ट सहाच्या सहा चर्चमधी सांगितली. शेजारच्या गावच्या दवाखान्यात औषधच नसतं, तर तिथल्या म्हाताऱ्या मला विचारायला आल्या, की शाल कुठल्या रंगाची लागती. म्हणजे आपणबी देशाला काहीतरी दिलं.

भाचीला बघायला पुढच्या आठवड्यात येतोय. काकांना बजावून सांग, माझा सत्कार ठेवू नका म्हणावं. ‘एकाच नोकरीत टिकल्याबद्दल’ असा फ्लेक्स चौकात लागला, तर मला जन्मभर हाच जेसीबी चालवावा लागंल.

माया हाय तेवढी राहू दे, टोमणे मी पुरवीन.

भाचीचा मामा,
अनुप