ट्रक अडकतो तेव्हा

११ नोव्हेंबर

परत अडकला. नेमका वळणावर! खेळात एर्निसचा ट्रक पुढे, माझा त्याच्या मागे, आणि मी विचारलं, मला तिकडे कधी नेणार — झालं, स्क्रीन गोठली. आवाज बंद. झाडं जागच्या जागी. पुन्हा सुरू झालं तेव्हा माझा ट्रक कठड्यावर चढलेला आणि नवरा माझा सांगतोय की गोदामात माल उचलायची नवीन गाडी आलीय.

"मी काय विचारलं ऐकलंस का?"

"नाही गं. तुझं मशीन अडकलं."

मेलं कॉम्प्युटरचं मशीन. ह्याचंच आहे, शाळेतल्या दिवसांतलं. रशियात, येकातेरिनबर्गला कामाला जाताना माझ्यासाठी ठेवून गेला. तू इथून चालव, मी तिथून चालवतो, शेजारी शेजारी. आणि असंही म्हणाला होता — एक हिवाळा काढ माझ्या आईजवळ, मग नेतो. हा दुसरा हिवाळा. पासपोर्ट करून ठेवलाय, कपड्यांच्या पेटीत तळाशी.

१२ नोव्हेंबर

दुपारभर वीज नाही. काळ्या स्क्रीनसमोर बसून शेंगदाणे खाल्ले.

१४ नोव्हेंबर

थोरल्या जाऊबाई राजधानीतून, बिश्केकहून म्हणतात, "इतकं काय त्यात? फोनवर विचार की सरळ." त्यांना काय जातंय सांगायला. फ्लॅटमध्ये राहतात, स्वतःच्या किल्लीने दार उघडतात.

इथे थंडीत शेगडी एकाच खोलीत पेटते आणि अख्खं घर तिथेच. एर्निसचा फोन येतो तो सासूबाईंच्या फोनवर, स्पीकरवर. (त्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, आता लिहितानाही हात अडतो. अपा, म्हणजे आई, एवढंच लिहिते.) मी माझा फोन उचलून पलीकडच्या खोलीत गेले की परत आल्यावर ठरलेलं — "काय गाऱ्हाणं घातलंस माझ्या लेकाकडे?" मेसेज करून विचारलं तर हा अंगठा पाठवतो. नेणार का म्हणून विचारलं तर अंगठा कसला?

खेळाला मात्र कोणी गाऱ्हाणं म्हणत नाही. पाहुण्यांच्या थंड खोलीत कोट घालून बसते, कानावर हेडफोन. तो रात्रपाळीनंतर झोपून उठलेला असतो. दोघं ट्रक चालवतो आणि बोलतो. एवढीच काय ती आमची खोली. अपा दारातून डोकावतात, "रस्ता चांगला आहे हो. आपल्याकडे कधी होणार असा?" आणि जातात.

तेवढा ट्रक नीट चालायला हवा. बाकी काही मागत नाही.

१७ नोव्हेंबर

खेळातलं सगळं कमी करून टाकलं. सावल्या बंद. गवत बंद. ढग बंद. चित्र इतकं बारीक केलं की पाट्यांवरचं काही वाचता येत नाही. मागे गुपचूप चालू असणारे सगळे प्रोग्राम काढून टाकले, एर्निसने हौसेने भरलेला कचरा.

शेवटी ट्रकचे आरसेसुद्धा बंद केले. आरशात मशीनला सगळं जग पुन्हा एकदा काढावं लागतं, तिथेच त्याला धाप लागते. आता एर्निस मागे राहिला तर मला दिसत नाही. मग मीच मागे राहते.

अपा म्हणाल्या, "काय गं हे, सगळं उघडंबोडकं केलंस. मघाशी किती छान डोंगर होते."

"डोंगर खिडकीतून बघा की, अपा."

"जीभ बघा हिची." पण हसल्या.

थोडं बरं चाललं. अगदी सुरळीत नाही, अडखळत. विचारायच्या आतच सासऱ्यांनी हीटर लावला, दिवे मंद झाले आणि मशीन बंद पडलं.

२२ नोव्हेंबर

सासऱ्यांचे भाऊ आले, सहकुटुंब. दिवसभर मी किटलीशी. अर्धा कप ओतायचा, रिकामा झाला की परत अर्धा. भरून दिला तर पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं. म्हणजे मीच उठायचं नाही.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "थोरले उडून जातात, घर राखतो तो धाकटा. आणि धाकट्याची बायको म्हणजे घराचा खांब." सगळ्यांनी माना डोलावल्या. अपांनी माझ्या ताटात मांसाचा चांगला तुकडा ठेवला. धाकटा तर बसलाय येकातेरिनबर्गला! त्याचं कोणाला काही नाही. तुकडा मात्र चविष्ट होता, त्याचाही राग आला.

त्याने शब्द दिलाय. रीत काहीही असो, शब्द दिलाय.

२५ नोव्हेंबर

बाजारात झामिरच्या दुकानातून रॅमची वापरलेली पट्टी आणली. त्याने मशीनचा डबा उघडून बघितला आणि म्हणाला, "ताई, ह्याला आता पेन्शन द्या." बसवून मात्र दिली.

घरी आल्यावर चालू केलं तर काय सांगू, ट्रक असा पळाला! एर्निसही म्हणाला, "आज तू मागे पडली नाहीस." लगेच विचारलं — आणि मशीन फाटकन बंद. हात लावून बघितलं तर वर नान भाजून निघेल इतकं गरम.

थंड खोलीत, कोट घालून बसावं लागतं अशा खोलीत, हे एवढं तापतं कसं?

२६ नोव्हेंबर

तापलं, बंद.

२७ नोव्हेंबर

आजही. रडले. हेडफोन तसाच कानावर ठेवून रडले, म्हणजे कोणी आत आलं तर खेळते आहे असं वाटेल.

३० नोव्हेंबर

सापडलं. डबा उघडला तर पंख्यात लोकर! राखाडी, घट्ट गुंडाळलेली, पंख्याचं पातं हलेना. ही कुठून आली म्हणून विचार करत बसले. मग खेळाची नवीन आवृत्ती उतरवायला मशीन चालूच ठेवून चहा करायला गेले, परत आले, तर अपा. हातात घोड्याची झूल, लोकरीच्या नमद्याची. मशीनवर नीट पसरत होत्या, कडा खोचत होत्या.

"अपा, हे काय करताय?"

"गरम झालंय ना गं. धावून घामाघूम झालेला घोडा थंडीत तसाच उभा केला तर छाती धरतो. झूल घालावीच लागते."

"रोज घालता?"

"तू उठलीस की. तू येण्याआधी काढते, तुला उगाच ओशाळं नको." आणि वर — "माझ्या लेकाशी बोलायचं तुझं तेवढंच आहे. मेलं आजारी पडलं तर?"

मी भांडायच्या तयारीत होते. पण शेवटी एवढंच सांगितलं की ह्याला थंडीच लागते, वारा लागतो, उघडंच राहू द्या. त्यांना पटलं नाही. "विचित्र जनावर," म्हणाल्या. पण झूल घेऊन गेल्या.

मला माहीत नव्हतं की त्यांना कळतं. मी तिथे काय करते ते.

४ डिसेंबर

ब्रशने आणि सुईने लोकर काढली, आतल्या चिपवरची, उष्णता ओढून घेणारी जुनी वाळलेली पेस्ट खरवडली, झामिरकडून नवी आणून लावली. डब्याचं एक झाकण काढूनच ठेवलंय. वीज कमी पडू नये म्हणून दुपारी हीटर लावायचा नाही असं सासऱ्यांना सांगायला मी धजत नव्हते, अपांनीच सांगितलं. "दुपारी शेगडीत दोन कोळसे जास्त घाला. काही मरत नाही तुम्ही."

एर्निसला सुट्टी नाही. वाट बघते.

८ डिसेंबर

एकटीने चालवून बघितलं. अल्माटीच्या बाजूचा लांबचा रस्ता, पूर्ण. एकदाही अडखळलं नाही. मग धीर करून सावल्या चालू केल्या. गवतही. सगळ्यात शेवटी आरसे. चालतंय! माझी पिशवी भरायला घ्यावीशी वाटली, इतकं चालतंय.

अपा शेजारी येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "विचार आता त्याला." काय विचारायचं ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही पुढे काही म्हटलं नाही. हातात माझ्यासाठी आणलेला चहा होता, भरलेला कप.

१० डिसेंबर

आज तो खेळायला आला. शेजारी शेजारी चालवत होतो. विचारलं, मला कधी नेणार?

झाडं मागे जात राहिली. त्याच्या ट्रकची सावली रस्त्यावर पळत राहिली. चाकं फिरत होती. त्याचा श्वास ऐकू येत होता; त्याच्या खोलीत कोणीतरी दार लावलं तेही ऐकू आलं. पूल आला, गेला. मग तो म्हणाला, "हॅलो? हॅलो? चोल्पोन, तुझा आवाज येत नाहीये."

मी म्हटलं, "मला तुझा येतोय."