पोट उचलायला एक हात कमी

चकलांबा,
पौष, बाजाराचा दिवस

सौ. रुक्मिणीअक्कास,

धाकट्या मनिषाचा बाजेवर बसूनच नमस्कार (सिझरचे टाके हायेत, वाकता येत न्हाई, अर्धा आता घे, उरलेला बरी झाल्यावर घालीन). तू, दाजी अन् तुझी शिलाई मशीन, तिघंही ठणठणीत असताल. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे हायेत? कमी असंल तर चांगलंच, अन् तसंच असंल तरी मी इथून काय करणार, पण विचारायची रीत हाय म्हणून विचारलं. इकडं बाळ मजेत हाय. नाक बापावर गेलंय, आवाज टोळीच्या मुकादमावर.

फोन असताना पत्र कशाला लिहिती, असं म्हणशील. तर मोठा फोन हे ऊसतोडीला घेऊन गेलेत. माझ्याजवळ बटणाचं डबडं हाय, त्याचा कानाचा आवाज गेलाय, फक्त स्पीकर चालतो. मी टाक्यांचं बोलायला लागले की पारावरच्या म्हाताऱ्यांना माझं पोट तोंडपाठ व्हायचं. म्हणून परवा तू विचारलंस तेव्हा सगळं ठीक हाय म्हणले. पारावरून आप्पारावांनी पण ठीक हाय, ठीक हाय म्हणून सांगितलं, तू ऐकलं असशील.

आता पोटाचं सांगते. मला वाटलं होतं बाळ बाहेर आलं की पोट पण जाईल. कशाचं काय! मी आधीची जाड (तू मला भोपळी म्हणायचीस, मी इसरले न्हाई). आतलं गेलं अन् कातडं ऱ्हायलं, ते बसलं की पार मांडीवर येऊन टेकतंय. टाके नेमके त्याच्याखाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं की पोटाची घडी उचलायची, साबणपाण्यानं हळूच धुवायचं, टिपून कोरडं करायचं, घडीत धुतलेला सुती कपडा ठेवायचा, वारं लागू द्यायचं, अन् रोज बघायचं, लाल झालंय का, पाणी येतंय का, वास येतोय का. मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय.

घरी आले तर दारात छबुबाई उभ्या. (ह्यांच्या चुलती. घरातले सगळे कोयते घेऊन कारखान्याला गेले अन् मला सांभाळायला त्यांना ठेवलं. का त्यांना सांभाळायला मला ठेवलंय, ते अजून कळलेलं न्हाई.) त्यांचं म्हणणं, बाळंतिणीच्या पोटात वारं शिरलं की जन्माचं पोट सुटतं. म्हणजे दवाखाना म्हणतो वारं लागू दे, अन् छबुबाई दारं, खिडक्या, माझे कान, माझं पोट, सगळं बांधून टाकतात. जुन्या लुगड्याचा पट्टा केला, बाजेला पाय लावला अन् असं आवळलं की माझ्या तोंडून देवाचं नाव निघायच्या ऐवजी मुकादमाच्या शिव्या निघाल्या. वरनं बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा. मी आतून घामानं चिंब, अन् ते ओलं लुगडं टाक्यांवर तसंच. मी पण ते सोडलं न्हाई. खरं सांगू का अक्का, कुणीतरी आपल्याला एवढं आवळून धरतंय, हेच बरं वाटलं.

पुढं खाली चुरचुरायला लागलं, तेव्हा लुगडं सोडलं. आता बघावं कसं? वाकावं तर मधी पोट. ह्यांचा दाढीचा आरसा घेतला. एका हातात पोट, एका हातात आरसा, टिपायला हात कुठला? देवीला आठ हात दिलेत, बाळंतिणीला दोनच, अन् ते पण बाळ रडलं की तिकडं पळतात. मग अक्कल लढवली. ओढणी गळ्यात अडकवून तिच्या झोळीत पोट वर बांधलं, मोडका हात बांधतात तसं. झकास जमलं! तेवढ्यात आशाताई बाळाचं वजन करायला आल्या, संगं रजिस्टर धरलेला एक बाप्या. त्याच्यापुढं काय सांगणार? गडबडीत शाल ओढून घेतली. ताईंनी गळ्यातली गाठ बघून कोणता हात मोडला विचारलं, मी डावा म्हणले. बाळाचं वजन छान हाय, हाताला जप, असं सांगून गेल्या.

शेवटी लाज सोडून छबुबाईंनाच गळ घातली. त्यांनी दोन्ही हातांनी पोट उचललं, वाकून बघितलं अन् म्हणल्या, जखम लई ब्येस भरलीय, नुसती रेघ ऱ्हायलीय. मी खुश! मग ध्यानात आलं, त्यांचं बोट बेंबीजवळ फिरतंय. त्या माझ्या पोटाची वरची वळी बघत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ज्यांना उचलता येतं त्यांना दिसत न्हाई, अन् जिला दिसतं तिला उचलता येत न्हाई, असा आमचा दवाखाना. हसून हसून टाके दुखले. मग हसू थांबलं तरी डोळ्यांतलं पाणी थांबंना. छबुबाईंना ते पण दिसलं न्हाई.

गल्लीत नुसती कुलपं हायेत अक्का. आपल्या माहेराला पण कुलूप, आई अन् दादा उसाच्या फडावर. ह्यांचा फोन येतो तेव्हा मागं सगळी टोळी असती. बाळ पितंय का, बाळ झोपतंय का, एवढं विचारतात. मी हो हो म्हणते. जी बाई येती ती बाळाची टोपी सारखी करती, बाळाच्या मुठीत नोट कोंबती, अन् जाती. मी इथं हाय, हे माझं मलाच मोठ्यानं बोलून बघावं लागतंय. परवा बोलले तर छबुबाई म्हणल्या, कोण आलंय गं?

तरी तू येऊ नको. लग्नसराईचे ब्लाउज पडले असतील. शिवाय तुला रक्त बघवत न्हाई. माझ्या पायातला काटा काढताना तूच आडवी झालतीस, अन् मी लंगडत जाऊन तुझ्या तोंडावर पाणी मारलं होतं. माझं काय, चाललंय. काळजी करू नको.

तुझी,
भोपळी

ता. क. जुन्या सुती कपड्याच्या मऊ चिंध्या असल्या तर हे पत्र घेऊन येणाऱ्या मोहनरावांसंगं पाठव. घडीत ठेवायला लागतात.

ता. क. चिंध्या पाठवू नको, घेऊन ये. कालपासून तिथं वास येतोय, अन् अंगात ताप हाय. गेवराईच्या दवाखान्यात जायला जीप हाय, पण बाळ धरायला कुणी न्हाई, छबुबाईंना जीप लागती, ओकाऱ्या होतात. मोहनराव आत्ता निघतायत, दुपारपर्यंत हे तुझ्या हातात पडंल. फोन करू नको, मी पुन्हा ठीक हाय म्हणंन. मशीनवर कपडा टाक अन् सरळ ये. तुला चक्कर आलीच तर दवाखान्यातच येईल, सोय होईल.

ता. क. आल्यावर सगळ्यांसारखी बाळाकडं धावू नको. बाळ झोपू दे. आधी मला बघ.