दार लागले नाही

प्रिय धाकट्या,

गाडी गेली. हे वाक्य सर्वांत आधी लिहिते, कारण तू हाती घेतलेली प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर सोडतोस आणि हे पत्रही सोडशील. निदान मुख्य मुद्दा तरी तुझ्यापर्यंत पोचावा. काल सकाळी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक मनुष्य क्रेन घेऊन आला आणि आईची हिरवी गाडी शेडमधून उचलून घेऊन गेला. तुला न विचारता मी ती देऊन टाकली. फोनवर सांगितले नाही, कारण फोनवर तू 'ताई, मुद्द्याचं बोल' म्हणतोस आणि मुद्दा आला की 'नंतर करतो' म्हणून ठेवून देतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बैस आणि वाच. आईला तिच्याच गाडीतून फिरवून आणण्याचे वचन तू दिले होतेस. ते का मोडले आणि मी ते का मोडू दिले, हे तुला क्रमाने समजावून सांगणार आहे. समजावून सांगणे हा माझा धंदा आहे, आणि तुझ्यासारखे विद्यार्थी मला वर्गात दरवर्षी भेटतात.

आरंभापासून सांगते. ती गाडी आपल्या घरात हौसेची कधीच नव्हती. आई परिचारिका होती आणि बाळंतपणाला घरोघर जायची. गाडी म्हणजे तिच्या पिशवीचाच मोठा भाऊ. तुला आठवत नसेल, तू मागच्या सीटवर झोपलेला असायचास, पण तिच्या दाराचा एक आवाज होता. ठप्प. एकदाच, भरीव, जाड पुस्तक मिटल्यासारखा. तो आवाज अंगणात आला की अडलेल्या बाळंतिणीची सासूसुद्धा पदर सावरून म्हणायची, आल्या बाई, आता काळजी नाही. बाबा घरात बसून तेवढ्या आवाजावरून सांगायचे, आज सुखरूप झालंय, किंवा आज काही बोलू नका तिच्याशी. आता आईचे पाय गेले, डोळ्यांपुढे धुके आले, पण कान तेवढे शाबूत आहेत. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तू ज्या दिवशी शेडमध्ये उभा राहून जाहीर केलेस की ही गाडी नव्यासारखी करायची, त्या दिवशी मलाही आनंद झाला होता, हे प्रांजळपणे नोंदवते. मी सुचवले होते की ब्रेक नवे घालू, इंजिन साफ करू, टायर बदलू, आईला शेजारी बसवून नदीपर्यंत एक चक्कर मारू आणि मग उरलेले सावकाश बघू. तू हसलास. म्हणालास, मास्तरीणबाई, तुमचं सगळं आयुष्य पास-नापासात गेलं, मला पहिला नंबर हवाय. एकेक खिळा सुटा करायचा, पत्रा उघडा करायचा, जे कारखान्यातून आलं होतं तेच आणि तसंच परत बसवायचं. आई चाकांच्या खुर्चीत बसून ऐकत होती. तिने एवढेच विचारले, मग तुला बरेचदा यावं लागेल, नाही का रे? तू म्हणालास, दर सुट्टीला. तिचा चेहरा खुलला. मला वाटले, गाडीमुळे.

सोडवणे हे या कामातले सर्वांत सोपे आणि सर्वांत गोड काम असते. जोडताना माणसाची बुद्धी लागते, सोडवताना फक्त पाना लागतो. तू येत असस, दोन दिवस कपडे काळे करून घेत असस, डॅशबोर्ड काढून शेडच्या मधोमध ठेवत असस, त्याचे फोटो मित्रांना पाठवत असस आणि रविवारी संध्याकाळी हात धुऊन निघत असस. मागे राहिलेले बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत कोण भरी? मी. डावे-उजवे चिठ्ठ्या लावून वेगळे कोण करी? मीच. खरे सांगते, मला ते आवडे. कार्बुरेटर साफ करून मी तो वर्गात नेला होता आणि हवेचा वेग वाढला की दाब कसा उतरतो, हे मुलांना त्यावर दाखवले. त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे येऊन बसली. यंत्र समोर असले की माझा राग टिकत नाही, हा माझा दोष आहे आणि तू त्याचा पुरेपूर फायदा घेतलास.

आता मूळ चुकीकडे येते. ती तू अजून मान्य केलेली नाहीस, म्हणून लहान मुलाला सांगावी तशी सांगते. बुटांचा एक रिकामा खोका घे. झाकण काढ. त्याची दोन टोके दोन पुस्तकांवर टेकव आणि मध्ये पाण्याचा पेला ठेव. खोका तोलून धरतो, कारण त्याच्या बाजूंच्या खालच्या कडा ताण घेतात. आता पेला तसाच ठेवून त्या दोन्ही कडा मधोमध काप. खोका मध्ये खचेल, खाली फट पडेल आणि वरच्या कडा एकमेकींकडे झुकतील. गाडीत या कडा म्हणजे दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या. आपल्या गाडीच्या पट्ट्या गंजाने खाल्ल्या होत्या, बदलणे भागच होते. पण त्या कापण्याआधी दाराच्या चौकटीत तिरप्या सळया जोडून चौकट जखडायची असते, आणि मग एका वेळी एकच बाजू कापायची असते. हे मी तुला कागदावर आकृती काढून दाखवले होते. तू म्हणालास, हो गं, ठाऊक आहे. मग मी परीक्षेच्या कामाला बाहेर असताना वेल्डरला बोलावून तू दोन्ही बाजू एका दुपारी कापून टाकल्यास, कारण तुला संध्याकाळी निघायचे होते.

मी परतले तेव्हा गाडी दोन टोकांना लोखंडी स्टँडवर उभी होती आणि तिची पाठ खचलेली होती. डोळ्यांना दिसत नव्हते. फूटपट्टीला दिसत होते. दाराच्या चौकटीचे दोन कर्ण मोजले. एरवी कारखान्याच्या आराखड्याशी ते जुळायला हवेत, ते बोटभर चुकत होते. त्याच क्षणी सांगितले असतेस की घाई झाली, तर स्टँड हलवून, जॅक लावून, कण्हत-कुंथत का होईना आपण ती सरळ केली असती. तू फोनवर म्हणालास, बिजागऱ्या झिजल्या असतील. मग म्हणालास, तूच डब्यांत डाव्या-उजव्यांची सरमिसळ केली असशील. माझ्या चिठ्ठ्यांवर संशय! आणि पुढच्या सुट्टीत येऊन तू त्या वाकड्या सांगाड्यालाच नव्या पट्ट्या कायमच्या जोडून टाकल्यास, म्हणजे वाकडेपणा पक्का झाला. त्यावर खड्डे बुजवणारी लांबी, त्यावर अस्तर, त्यावर तो आरशासारखा हिरवा रंग. दारे बसेनात, तेव्हा तू दारांच्याच कडा कानशीने घासल्यास. वेल्डर तेव्हा चहा पिता पिता म्हणाला होता, साहेब, टोपी बसेना म्हणून डोकं तासताय होय? तू त्यालाही हसण्यावारी नेलेस.

मागच्या खेपेला तू आईला खुर्चीसकट शेडमध्ये आणलेस. तिने बॉनेटवरून तळहात फिरवला, दिव्याची गोल कडा बोटांनी चाचपली. तू ऐटीत दार लावलेस. पहिल्यांदा ते खणखणले आणि परत उघडले. तू खोकलास. दुसऱ्यांदा खांद्याने रेटून लावलेस. आई म्हणाली, छान झालीय हं. तू तोंडभर हसलास आणि चहाला गेलास. तू निघून गेल्यावर मी तिची उशी सारखी करत होते, तेव्हा ती म्हणाली, दार लागलं नाही ना गं? मी म्हटले, नाही लागलं. आता लागणारही नाही. ती म्हणाली, त्याला सांगू नकोस हं. पुढच्या वेळी येईल तेव्हा बघेल तो. मी मनात म्हटले, किती ही माया. लाडका लेक, त्याचा हिरमोड नको. त्या दिवशी मला तुझा जितका राग आला, तितका कधीच आला नव्हता.

आणि तरीही वाकड्या दारासाठी मी गाडी घालवली नसती. कारण दुसरे आहे आणि ते तू रोज पाहत नाहीस. आपल्या पुढच्या दाराला पायऱ्या आहेत. खुर्ची रस्त्यावर न्यायची तर सपाट वाट एकच, शेडमधून. त्या वाटेवर तुझी गाडी चाकांविना उभी होती. भिंतीच्या बाजूने माणूस पोट आत ओढून जाई, खुर्ची जात नसे. डॉक्टरीणबाई दर खेपेला सांगत, यांना उन्हात न्या, माणसांत न्या. मी न्यायची कशी? कडेवर? जी गाडी तिला बाहेर फिरवणार होती, त्या गाडीने तिला घरात कोंडले होते. हे मी तुला शांतपणे, मुद्देसूद सांगितले. तू म्हणालास, तेवढा पावसाळा जाऊ दे. मग म्हणालास, इंजिनाचा एक भाग परदेशातून येतोय. शेवटी मी म्हटले, गाडी हलव, नाहीतर मी हलवते. तू म्हणालास, हात लावून तर बघ. म्हणून लावून बघितला.

तुझी स्वप्ने विकल्याचा आरोप तू करशीलच, म्हणून तांत्रिक उत्तरही देऊन ठेवते. गाडी वाचली असती काय? वाचली असती. रंग खरवडून, पट्ट्या पुन्हा कापून, चौकटी जखडून, सांगाडा ताणून, सगळे पहिल्यापासून. त्यासाठी इथे सलग राहणारा माणूस हवा होता, आणि आधी चुकलो म्हणणारा. पहिला मला कुठे मिळाला असता कोण जाणे. दुसरा आपल्या घरात जन्मलेलाच नाही. इंजिन उत्तम आहे, ते दुसऱ्या कुठल्या सरळ गाडीत धावेल. क्रेनवाल्याने साखळी लावताना दार लावून पाहिले, लागेना. त्याने ते दोरीने बांधले. इतकी आकांक्षा, आणि शेवटी दोरी.

गाडी गेल्यावर मी शेड झाडली, तेलाच्या डागांवर भुसा टाकला, रस्त्याकडचे दार सताड उघडले आणि आईला खुर्चीत बसवून निघाले. खोटे कशाला सांगू, मी विजयी मुद्रेने निघाले होते. शेडच्या मधोमध तिने हात वर केला, थांब म्हणून. तिथे बॉनेट असायचे. तिचा हात हवेत पुढे गेला, तिथेच राहिला, मग मांडीवर परत आला. रस्त्यावर ऊन होते. शेजारीण धावत आली, म्हणाली, अहो बाई, किती दिवसांनी! आई तिच्याशी हसून बोलली. मला वाटले, झाले, जिंकले. परत येताना खुर्ची त्याच जागी आली तेव्हा तिने मला विचारले, गाडी गेली, आता तो कशाला येईल? तेव्हा मला उमगले, धाकट्या. दार लागले नाही हे तुला सांगू नकोस, असे ती का म्हणाली होती. ती गाडी कधी पुरी होऊ नये, हीच तिची इच्छा होती. रेंगाळलेल्या कामाला तू येत होतास. मी तिला रस्ता दिला आणि तिच्या हातातले तुला ओढून आणणारे एकमेव साधन क्रेनला बांधून पाठवले. कालपासून ती माझ्याशी मोजके बोलते. आयुष्यभर मी लोकांच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर सोडवून दाखवली. या एका प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, ते तुझ्याजवळ आहे, म्हणून हे पत्र. माझ्यावर ओरडायला ये, भांडायला ये, चालेल. ज्या गाडीने येशील ती रस्त्यावर लाव. शेडमधली वाट आता तिची आहे. आणि उतरल्यावर दार जरा जोराने लाव. ती कान देऊन बसलेली असते.

जन्माने, म्हणजे नाइलाजाने, तुझीच
थोरली